बागेत थोडी कीड राहू द्यावी



फळबागाईतदाराला "बागेत थोडी कीड राहू द्या" असे सांगितले, तर तो सांगणाराकडे कोणत्या नजरेने पाहील याची मला पुरेपूर कल्पना आहे. कर्ज काढून, विहिरीचे पाणी मे अखेर पुरेल की नाही या विवंचनेत रात्री काढून, चार-चार पाच-पाच वर्षे लेकरासारखी वाढविलेली बाग. तिच्या पानामागे काही वळवळताना दिसले की हात फवारणीच्या पंपाकडे जावा यात नवल ते कोणते? त्यातून पुस्तके, जाहिराती आणि शेजारचा बागाईतदार या तिघांनीही त्याच्या मनात एकच गोष्ट भरविलेली असते की, स्वच्छ पान तेच निरोगी पान. आजच्या भाषणात मला या समजुतीच्या थोडे उलटे बोलावयाचे आहे.

विषयाला नाव द्यावयाचेच तर "परभक्षी कीटकांचे पर्यायी भक्ष्य" असे द्यावे लागेल. नाव जड आहे. परंतु गोष्ट आपल्या गोठ्यातलीच आहे. चैत्र-वैशाखात बैलाला शेतात काम नसते. म्हणून कोणी शेतकरी त्या दोन महिन्यांत त्याची वैरण बंद करीत नाही. कडबा महागला तरी उसनवार करून आणतो व बैलापुढे टाकतो. कारण मृगाचा पाऊस पडल्यावर जो बैल शोधीत हिंडतो त्याची पेरणी मागे पडते, हे त्याला ठाऊक असते. बागेतील कीड खाऊन आपल्यावर उपकार करणाऱ्या कीटकांचे असेच आहे. ज्या किडीसाठी ते आपल्याला हवे असतात, ती कीड वर्षभर नसते. ती नसते त्या दिवसांत त्यांनी जगावे कशावर?

हा प्रश्न किरकोळ नाही. कीड आधी वाढते, आणि तिच्यावर जगणारा भक्षक मागाहून वाढतो, हा निसर्गाचा क्रमच आहे. किडीने पंधरा-वीस दिवसांची आघाडी घेतली की तेवढ्यात पीक हातचे जाते. मग भक्षक कितीही वाढला तरी तो वरातीमागून आलेल्या घोड्यासारखा. उलट, हंगामाच्या तोंडाशीच मूठभर भक्षक झाडावर हजर असतील तर किडीला डोके वर काढता येत नाही. म्हणजे भक्षक किती खातो यापेक्षा तो केव्हा हजर असतो, याला अधिक महत्त्व आहे. आणि वेळेवर हजर राहावयाचे तर त्याला मधल्या दिवसांत दुसरे काहीतरी खावयास मिळाले पाहिजे.

आता, एकाच किडीवर जगणारे एकनिष्ठ भक्षक असतात आणि तेही मोठा पराक्रम करतात, हे मी नाकारीत नाही. कॅलिफोर्नियातील संत्र्या-मोसंब्यांच्या बागा १८८० नंतरच्या दशकात कापसासारखी पांढरी अंडपिशवी पाठीवर वाहणाऱ्या एका खवले किडीने मरणाच्या दारी नेल्या होत्या. त्या किडीचे माहेर ऑस्ट्रेलिया. तेव्हा १८८८ साली आल्बर्ट कोबेली नावाचा कीटकशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात गेला व व्हेडालिया नावाचे तांबडे-काळे ढालकिडे त्याने बोटीने धाडले. पहिल्या खेपांतून आलेले १२९ किडे लॉस एंजेलिस येथील एका झाडावर कापडाचा तंबू ठोकून त्यात सोडले. वर्ष-सव्वा वर्षात बागा वाचल्या. नीलगिरीत हीच कीड १९२८ च्या सुमारास दिसली, तेव्हा आपल्याकडेही हाच ढालकिडा आणावा लागला. परंतु हा एकपत्नीव्रती किडा दुसऱ्या कशालाही सहसा तोंड लावीत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियाच्या अंतर्भागातील खोऱ्यांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. त्या औषधाने ढालकिडा मेला, कीड मात्र शिल्लक राहिली. १९४६-४७ साली जवळजवळ विस्मरणात गेलेली ती पांढरी कीड पुन्हा झाडांवर लदबदली, आणि ढालकिडा परत आणून सोडणे भाग पडले.

याच कोबेलीने दुसऱ्या फेरीत, १८९१-९२ साली, आणखी एक ढालकिडा ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात आणला. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझिएरी. द्राक्ष बागाईतदारांत आता "क्रिप्टोलेमस" हे नाव फवाऱ्याच्या नोझलइतकेच रुळले आहे. चारएक मिलिमीटर लांबीचा, काळपट पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा हा भुंगेरा पिठ्या ढेकणांचा कर्दनकाळ आहे. याचा स्वभाव मात्र व्हेडालियाहून निराळा. पिठ्या ढेकूण हे त्याचे आवडते अन्न. पण ते न मिळाल्यास खवले किडी, प्रसंगी मावासुद्धा त्याला चालतो.

या स्वभावाचा पुरावा आपल्याच देशात आहे. १८९८ साली दक्षिणेतील कॉफीच्या मळ्यांत हिरव्या खवले किडीचा उपद्रव होता, म्हणून हा भुंगेरा भारतात आणविला गेला. ज्या कामासाठी त्याला आणले ते काम त्याने काही केले नाही; कॉफीची हिरवी खवले कीड त्याच्याने आवरली नाही. परंतु तो उपाशीही मेला नाही. मळ्यांतील सावलीच्या झाडांवर, आसपासच्या झाडोऱ्यात जे पिठ्या ढेकूण आणि ज्या खवले किडी मिळाल्या त्यांवर तो पिढ्यान्‌पिढ्या गुजराण करीत राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्याला द्राक्षे, पेरू, लिंबू यांवरील पिठ्या ढेकणांच्या बंदोबस्ताला जुंपले, तेव्हा तो परका पाहुणा राहिलेला नव्हता; दक्षिणेत मुरलेला रहिवासी झाला होता. बिनकामाचा म्हणून सोडून दिलेला नोकर पाऊणशे वर्षांनी घराला उपयोगी पडावा, असाच हा प्रकार.

त्याची पैदास कशी करतात हे ऐकण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही पैदास सुरू झाली, ती अंधाऱ्या खोलीत बटाट्यांना कोंब आणून, त्या कोंबांवर पिठ्या ढेकूण वाढवून. आपल्याकडे बटाट्याऐवजी लाल भोपळा घेतात. पक्क्या सालीचा, देठासकट काढलेला भोपळा पिंजऱ्यात ठेवावयाचा, त्यावर पिठ्या ढेकणांची पिले सोडावयाची, आणि भोपळा पीठ फासल्यासारखा पांढरा झाला की त्यावर भुंगेरे सोडावयाचे. महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. म्हणजे पाहा, भक्षक हवा असेल तर आधी कीड वाढवावी लागते. प्रयोगशाळेची गोष्टही याहून वेगळी नाही. जी गोष्ट प्रयोगशाळेत पगारी माणसे भोपळ्यावर करतात, तीच बांधावरच्या एखाद्या झाडावर फुकट होत असेल तर तिच्यावर औषध मारण्याची घाई आपण का करावी?

या विषयातला माझ्या मते सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र सफरचंदांच्या बागेतला आहे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात वेनाची नावाचे खोरे आहे. ते सगळे सफरचंदांचे. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर फळ पोखरणाऱ्या अळीसाठी जालीम औषधे आली आणि अळी आटोक्यात आली. परंतु त्याच वेळी पूर्वी किरकोळ समजला जाणारा पानांवरचा कोळी उफाळून आला. येथे एक खुलासा केला पाहिजे. प्राणिशास्त्राच्या काटेकोर भाषेत कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. पण बागाईतदाराच्या दृष्टीने तो कीडच, आणि त्याला खाणारा त्याचाच भाऊबंद असलेला परभक्षी कोळीही आपल्या विषयाच्या बाहेरचा नव्हे. तर, या उपद्रवी कोळ्यावर एकामागून एक औषधे निघाली. काही वर्षे प्रत्येकाने काम दिले आणि मग कोळी त्याला दाद देईनासा झाला. खर्च वाढत गेला व पाने तांबूस होऊन गळत राहिली.

वेनाची येथील फळसंशोधन केंद्रातील स्टॅन्ले हॉइट यांनी १९६० नंतरच्या दशकात या बागांची पाने भिंगाखाली घालून पाहिली. त्यांना आढळले ते असे. अळीसाठी वर्षानुवर्षे फवारलेल्या अझिनफॉस-मिथाइल या औषधाला परभक्षी कोळीही आता सरावला होता. ते औषध बेताने मारले तर तो जगत असे. परंतु नुसते जगून काय उपयोग? वसंतात सालीच्या भेगांतून तो बाहेर येई तेव्हा उपद्रवी कोळ्याची संख्या फार थोडी असे. त्या दिवसांत त्याला आधार होता तो तिसऱ्याच एका प्राण्याचा. सफरचंदावर तांबेऱ्या कोळी नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, गाजरासारख्या निमुळत्या अंगाचा एक जीव असतो. त्याला पाय चारच. तो कळीच्या आवरणाखाली हिवाळा काढतो व कळी उमलताच पानावर पसरतो. एकेका पानावर शेकड्यांनी असला तरी झाडाचे फारसे बिघडत नाही; पान जरा मळकट, तांबूस दिसते इतकेच. परभक्षी कोळी वसंतात या तांबेऱ्यावर पोसला जाई, अंडी घाली, वाढे. आणि उन्हाळ्यात खरा शत्रू वर येऊ लागला की त्याला खावयास फौज आधीच तयार असे.

ज्या बागाईतदाराने तांबेऱ्याचाही नायनाट करण्यासाठी वसंतात कोळीनाशक मारले, त्याच्या बागेत परभक्षी उपासाने मेला व ऑगस्टात पाने करपली. ज्याने तांबेऱ्याकडे काणाडोळा केला, त्याला कोळीनाशकाची गरजच उरली नाही. हॉइट यांनी हे सारे १९६९ साली शास्त्रीय नियतकालिकात मांडले आणि पुढे त्या राज्यातील सफरचंदांच्या बागा मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने गेल्या. कोळीनाशकावर पैसा ओतणाऱ्या माणसाला "हा तांबेरा तुमचा जोडीदार आहे, याला हात लावू नका" हे पटविणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना कोणत्याही शेतकी अधिकाऱ्याला करता येईल. अझिनफॉस-मिथाइल हे औषध २०१३ पर्यंत अमेरिकेतील बागांतून हद्दपार झाले. त्याच्या जागी आलेल्या काही औषधांनी परभक्षी कोळ्याची घडी काही बागांतून पुन्हा विसकटली; म्हणजे हा हिशेब एकदा मांडून संपत नाही, दर नव्या औषधाबरोबर तो नव्याने मांडावा लागतो.

द्राक्षाचे उदाहरण कॅलिफोर्नियाचेच, पण कथा निराळी. तेथील द्राक्षवेलींवर तुडतुडे पडतात. त्यांच्या अंड्यांत स्वतःचे अंडे घालून ती आतून फस्त करणारी, धुळीच्या कणाएवढी एक गांधीलमाशी आहे. खरे तर ही भक्षक नव्हे, परोपजीवी म्हणावयाची. तिची अडचण अशी की, हिवाळ्यात वेलीवर तुडतुड्यांची अंडीच नसतात. असे असता नद्यांच्या काठच्या द्राक्षबागांत ही माशी दरसाल वेळेवर हजर कशी होते, हे कोडे रिचर्ड डाउट व नाकाता या संशोधकांनी १९६० नंतर उलगडले. नदीकाठी रानटी ब्लॅकबेरीची जाळी असत. त्यांवर दुसऱ्याच जातीचे तुडतुडे असत व ते हिवाळ्यातही अंडी घालीत. माशी थंडीचे दिवस त्या अंड्यांवर काढी आणि वसंतात द्राक्षाकडे वळे. हे समजल्यावर साहजिकच लोकांनी द्राक्षबागेत ब्लॅकबेरी लावून पाहिली. ती काही साधली नाही. उघड्या उन्हात लावलेल्या त्या झुडपांवर तुडतुडे पुरेसे वाढेनात. पुढे १९८० नंतरच्या दशकात मनुक्यासारख्या सुकविण्याच्या आलुबुखाराची झाडे वाऱ्याच्या अंगाला लावण्यात आली, कारण त्यांच्या काड्यांतही तिसऱ्या एका तुडतुड्याची अंडी हिवाळाभर असतात. त्यांचा काही ठिकाणी लाभ झाला, काही ठिकाणी बेताचाच. काट्याकुट्यांची जाळी साफ करून टाकावी, हा सल्ला देणाऱ्यांनी एवढी गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

आता या नाण्याची दुसरी बाजू. कोणतीही कीड ठेवा म्हणजे झाले, असे मी मुळीच म्हणत नाही. भक्षकापुढे दोन ताटे मांडली तर तो आपल्याला हवे तेच ताट आधी संपवील अशी खात्री नसते. विल्यम मरडॉक यांनी १९६९ साली दाखविले की, काही भक्षक ज्या भक्ष्याची रेलचेल असेल त्याकडेच वळतात व विरळ असलेल्याकडे दुर्लक्ष करतात. बांधावर मावा बेसुमार असेल तर ढालकिडे तेथेच मुक्काम ठोकतील व बागेत फिरकणारही नाहीत. उलट १९७७ साली रॉबर्ट होल्ट यांनी गणिताने असे मांडले की, दोन भक्ष्यांचा परस्परांशी काही संबंध नसला तरी एक वाढल्याने त्यांचा सामाईक भक्षक वाढतो आणि त्यात दुसऱ्याचा बळी जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. थोड्या दिवसांच्या हिशेबात पहिली, सबंध हंगामाच्या हिशेबात बहुधा दुसरी.

म्हणून पर्यायी भक्ष्य निवडताना पारख हवी. द्राक्षबागेच्या कुंपणाला जास्वंद असेल आणि तीवर गुलाबी पिठ्या ढेकूण असतील, तर तो पर्याय नव्हे. तो तोच शत्रू आहे. जास्वंदीवरची, भेंडीवरची, अंबाडीवरची ही कीड द्राक्षाच्या घडावरही तितक्याच आनंदाने चढते. संत्र्याच्या बागेत कढीपत्त्याचे झाड असले तर त्यावर संत्र्याचाच सिल्ला वाढतो. आणि सिल्ल्याच्या बाबतीत "थोडा राहू द्या" हा सल्ला मी देणारच नाही, कारण तो रस पिऊन थांबत नाही, ग्रीनिंग नावाचा असाध्य रोग झाडोझाडी पोहोचवितो. रोगवाहक किडीची थोडी संख्यासुद्धा पुष्कळच असते. जी कीड नुसते पान मळविते आणि जी झाड मारते, या दोहोंना एकाच मापाने मोजून चालणार नाही.

मग आपल्याकडे निरुपद्रवी पर्याय कोणते? माळावरची रुई पाहा. तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा असतो. तो मुख्यतः रुई-कण्हेरीच्या कुळावर जगणारा, आपल्या फळझाडांचा वैरी नव्हे. त्यावर ठिपक्यांचे, नागमोडी रेघांचे ढालकिडे हमखास दिसतात. मात्र रुईच्या चिकातील विष त्या माव्याच्या अंगात उतरते व काही भक्षकांना ते मानवत नाही, म्हणून हे अन्न पक्वान्न नसून दुष्काळातली भाकरी समजावे. ज्वारी-मक्याच्या पोंग्यातील मावा व करडईवरचा काळा मावा हे त्यापेक्षा चांगले. विजापूर-बेळगावकडे, मराठवाड्यात रब्बीची करडई माव्याने काळी पडते तेव्हा तीवर ढालकिड्यांची व क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या हिरव्या कीटकाची जत्रा भरते. करडई वाळू लागली की ही सगळी मंडळी नव्या अन्नाच्या शोधात उडतात. नेमक्या त्याच आठवड्यात शेजारच्या बागेत जालीम फवारणी झाली, तर फुकट आलेली ही फौज वेशीवरच गारद होते. करडई कधी वाळते आणि आपली फवारणी कधी आहे, या दोन तारखा वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात.

गोव्याच्या व कोकणच्या श्रोत्यांना पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या नव्याने सांगावयास नकोत. काजूच्या मोहोरावरील ढेकण्याला त्या हुसकावतात, मारतात. आणि शिकार नसेल तेव्हा खवले किडींचा गोड चिकटा चाटून दिवस काढतात. हेही पर्यायी अन्नच. पण त्या चिकट्यासाठीच मुंग्या खवले किडी व पिठ्या ढेकूण यांची राखण करतात, त्यांच्यावर आलेल्या ढालकिड्यांना पिटाळून लावतात. काजूत मित्र असलेली मुंगीची जात द्राक्षात व सीताफळात अशी शत्रूपक्षाची पहारेकरीण होते. म्हणून क्रिप्टोलेमस सोडण्यापूर्वी मुंग्यांचा बंदोबस्त करावा लागतो. खोडाला चिकट पट्टी बांधावी, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे मुंग्यांची वर जाण्याची वाट तुटते. औषध फवारून लगेच भुंगेरे सोडणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. आणि भुंगेरे सोडावयाचे ते पिठ्या ढेकणांच्या कापसासारख्या अंडपिशव्या दिसू लागल्यावर. कारण मादी आपली अंडी त्या पिशव्यांतच घालते. काढणी तोंडावर आलेली असताना, जेव्हा घडावर औषधाचा अंश राहून माल परत येण्याची धास्ती असते, तेव्हा हा भुंगेरा पंपाहून अधिक कामाचा ठरतो.

शेवटी एक व्यावहारिक सूचना, कारण या बाबतीत पुष्कळ नुकसान झालेले मी ऐकले आहे. क्रिप्टोलेमसचा भुंगेरा काळा-नारिंगी असला तरी त्याची अळी पांढरीशुभ्र असते. तिच्या सर्वांगावर मेणाचे लांब धागे लोंबतात, आणि ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. ढेकणांच्या कळपात शिरण्यासाठी निसर्गाने तिला दिलेले हे सोंग. बागाईतदार पैसे मोजून भुंगेरे सोडतो, तीन आठवड्यांनी पाहतो तो घडाजवळ पूर्वीपेक्षाही थोराड "ढेकूण", आणि घाबरून फवारणी करतो. ओळख सोपी आहे. पिठ्या ढेकणाची मादी तीन-चार मिलिमीटरांची, काडीने डिवचली तर जागच्या जागी सुस्त सरकते. अळी पूर्ण वाढली की तिच्या तिप्पट लांब होते, धागे तुटक व विस्कटलेले असतात, आणि डिवचताच ती तुरुतुरु पळते. पंप पाठीवर घेण्यापूर्वी पाच-दहा वेलींवर ही परीक्षा करून पाहावी. पळणाऱ्या दिसल्या तर पंप खोपटात परत ठेवावा व आठ दिवसांनी पुन्हा बागेत फेरी मारावी.